स्तनाच्या कर्करोगापासून राखणारी जनुके कशी शोधावीत

स्तनाच्या कर्करोगाच्या जनुकशास्त्राचा आजवरचा इतिहास बव्हंशी दोषी जनुकांच्या शोधाचा आहे. १९९० मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी लहान वयात हा आजार होणाऱ्या कुटुंबांच्या अभ्यासातून १७ व्या गुणसूत्रावरच्या एका जागेकडे बोट दाखवले. १९९४ मध्ये तेथील बीआरसीए-१ हे जनुक हाती आले आणि पुढच्याच वर्षी १३ व्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२ सापडले. या जनुकांमधील दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रियांचा पाठपुरावा करून २०१७ मध्ये जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांनुसार वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ वाहक स्त्रीला सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२ वाहक स्त्रीला सुमारे ६९ टक्के असते. हे वाचताना नजर ७२ वर खिळते. प्रस्तुत लेख उरलेल्या २८ टक्क्यांविषयी आहे.

दोष तोच, घर तेच, अनेकदा आईबापही तेच. तरी एक बहीण पस्तिशीत आजारी पडते आणि दुसरी नातवंडांची लग्ने पाहते. यामागे कधी निव्वळ योगायोग असतो, कधी जीवनक्रमातला फरक असतो आणि कधी दुसरे एखादे जनुक तिची पाठराखण करीत असते. या तिसऱ्या शक्यतेला पहिल्या दोहोंपासून वेगळे कसे काढायचे, हे जनुकशास्त्र, जैवमाहितीशास्त्र किंवा कर्करोगविज्ञान शिकणाऱ्या आणि या विषयावर प्रकल्प हाती घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येथे मांडले आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे, अशा वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की हे सर्व संशोधनाच्या पातळीवरचे काम आहे. आपल्यात राखणारे जनुक असेल अशा समजुतीवर कोणीही तपासणी पुढे ढकलू नये.

संरक्षक कशाला म्हणायचे

डीएनएच्या एखाद्या जागी काहींच्यात ‘ए’ आणि काहींच्यात ‘जी’ हे अक्षर असेल, तर ‘ए’मुळे धोका कमी होतो असे म्हणणे आणि ‘जी’मुळे तो वाढतो असे म्हणणे ही एकाच निरीक्षणाची दोन रूपे होत. एका बाजूने मोजला तर ऑड्स रेशो, म्हणजे आजार होण्याच्या संभाव्यतेचे गुणोत्तर, ०.८० येते आणि दुसऱ्या बाजूने तेच १.२५ होते. त्यामुळे आकडा एकच्या खाली दिसला की लगेच ‘संरक्षक जनुक सापडले’ असे लिहिण्याचा मोह आवरावा. कोणते अक्षर मूळचे आणि कोणते नंतर आलेले, हे चिंपांझीसारख्या जवळच्या प्राण्यांच्या जीनोमशी, म्हणजे संपूर्ण डीएनएशी, ताडून पाहावे आणि आपल्या वहीत सर्वांत आधी त्याची नोंद करावी. नंतर आलेले, तुलनेने कमी लोकांत असलेले अक्षर धोका कमी करीत असेल आणि ते कसे हेही पुढे दाखवता आले, तरच त्याला संरक्षक म्हणणे अर्थपूर्ण ठरते.

दुसरी गोष्ट अशी की ‘स्तनाचा कर्करोग’ हे एका आजाराचे नाव नाही. इस्ट्रोजेन ग्राहक (त्या संप्रेरकाला पकडणारे प्रथिन) असलेल्या आणि नसलेल्या गाठी वेगळ्या वाटेने वाढतात, आणि एका प्रकारापासून राखणारा जनुकीय भेद दुसऱ्या प्रकारात निष्प्रभ ठरू शकतो. रुग्णगट तयार करताना प्रत्येक रुग्णेच्या गाठीचा ग्राहक तपासणीचा अहवाल मिळवलाच पाहिजे. नंतर मिळवू म्हणून तो राहिला की कायमचा राहतो.

कोणाकडे पाहावे

संरक्षण शोधायचे तर जिला आजार होण्याचे सबळ कारण होते आणि तरीही झाला नाही, तिच्याकडे पाहावे लागते. सर्वसाधारण निरोगी स्त्री आपल्याला फारसे सांगू शकत नाही, कारण तिला काहीच न होणे हेच अपेक्षित होते. म्हणून बीआरसीए दोषाच्या वृद्ध, निरोगी वाहक स्त्रिया या कामात अमूल्य आहेत.

परंतु अशी एखादी आजी भेटली म्हणून हुरळून जाऊ नये. एक सोपा हिशेब करून पाहावा. एका घरात बीआरसीए-१ दोषाच्या वाहक अशा तीन बहिणी आहेत आणि तिघीही ऐंशीपर्यंत निरोगी राहिल्या, असे समजा. कोणतेही संरक्षक जनुक नसतानाही असे घडण्याची शक्यता ०.२८ × ०.२८ × ०.२८, म्हणजे सुमारे ०.०२२ आहे. अशी १,००० कुटुंबे पाहिली तर त्यांतली बावीसएक कुटुंबे निव्वळ नशिबाने तशी निघतील. एक कुटुंब कुतूहल जागे करण्यापुरते ठीक. पुरावा मिळतो तो शेकडो कुटुंबांची शिस्तीने तुलना केल्यावरच.

अशा तुलनेचा उत्तम नमुना २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यात बीआरसीए-१ दोष असलेल्या आणि चाळिशीपूर्वी कर्करोग झालेल्या १,१९३ स्त्रिया एका बाजूला, तर तोच दोष असूनही पस्तिशीनंतर निरोगी असलेल्या १,१९० स्त्रिया दुसऱ्या बाजूला घेऊन संपूर्ण जीनोम चाळला गेला. दोन्ही गटांत मूळ दोष समान असल्यामुळे जो फरक उरतो तो इतर जनुकांत शोधता येतो. त्यातून १९ व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर, १९पी१३ या पट्ट्यात, दोन भेद हाती लागले. त्यांपैकी एक धोका सुमारे २६ टक्क्यांनी वाढवणारा, तर दुसरा सुमारे १६ टक्क्यांनी कमी करणारा होता. आपला अभ्यास लहान असला तरी रचना हीच ठेवावी: दोष समान, परिणाम विरुद्ध.

‘काही नाही’ याची खातरजमा

या कामातला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे निरोगी स्त्री खरोखरच निरोगी आहे, याची खात्री करणे. आजारी असण्याला कागदोपत्री पुरावा असतो. आजार नसण्याला नसतो.

वंशवेल काढायला बसलात की पहिले उत्तर ठरलेले असते: “आमच्याकडे कोणाला काही नाही.” ते टिपून घ्यावे, पण तेथे थांबू नये. आई, मावशी, आजी यांच्याबद्दल लोक आपणहून सांगतात. आत्या, आजोबांच्या बहिणी आणि चुलत आत्या यांच्याबद्दल खोदून विचारावे लागते. स्तनाचा आजार आईकडूनच येतो अशी घट्ट समजूत आहे. प्रत्यक्षात हा दोष बापाकडूनही तितकाच येतो, आणि स्वतः काहीही न होता बाप तो मुलीच्या हाती देऊन जातो. ‘पोटात गोळा झाला होता’, ‘काविळीने गेली’, ‘अंगात गाठी झाल्या होत्या’ अशी वाक्ये जशीच्या तशी लिहून घ्यावीत आणि त्यांचा वैद्यकीय अर्थ नंतर लावावा.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी, दोन बहिणी या आजाराने गेलेल्या, स्वतः ठणठणीत. तासभर बोलणे झाले, वंशवेलीवर त्यांच्या वर्तुळाखाली मी ‘निरोगी, ७४’ असे लिहिले, चहा झाला, आणि मी उठत असताना त्या म्हणाल्या, “तशी मी धडधाकटच हो. धाकट्याच्या वेळच्या बाळंतपणानंतर एकदा गाठ तेवढी काढली होती.” मुलाने लोखंडी पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून दिला. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता, आणि त्यावर डावीकडची गाठ काढल्याची तारीख होती. गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली की नाही, पाहिली असेल तर काय दिसले, याबद्दल एक अक्षर नव्हते. त्या आजींना मी रुग्णगटातही घालू शकत नव्हतो आणि निरोगी गटातही. त्यांचा नमुना जपून ठेवला, विश्लेषणातून बाजूला काढला, आणि तेव्हापासून ‘कधी गाठ काढली होती का, सुई टोचून पाहिली होती का, स्तनाचा फोटो काढला होता का’ हे तीन प्रश्न मी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शब्दांत विचारतो.

खबरदारी म्हणून दोन्ही स्तन किंवा अंडाशय काढून घेतलेल्या स्त्रीची नोंद शस्त्रक्रियेच्या तारखेपाशी थांबवावी. त्यानंतर तिला आजार झाला नाही याचे श्रेय जनुकाला देता येत नाही. मुलांची संख्या, पहिल्या बाळंतपणाचे वय, स्तनपानाचे एकूण महिने, पाळी सुरू होण्याचे व जाण्याचे वय, उंची आणि वजन हे सर्व नोंदवावे. ३० देशांतील ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये असे दाखवले गेले की स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी, आणि त्याशिवाय प्रत्येक बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी कमी होतो. पाच मुलांना दोन-दोन वर्षे अंगावर पाजलेल्या आजीच्या निरोगीपणात जनुक शोधण्याआधी हा हिशेब मांडणे भाग आहे.

रुग्णगटाबाबतही एक सापळा आहे. निदान होऊन अनेक वर्षे झालेल्या, आज हयात असलेल्या रुग्णांचेच नमुने घेतले, तर ज्या भेदामुळे रुग्ण अधिक काळ जगतात तो भेद रुग्णगटात जास्त दिसेल आणि आपण त्याला आजार देणारा ठरवून मोकळे होऊ. शक्यतो निदानानंतर लगेच नमुना घ्यावा, आणि ते जमले नसेल तर निदान आणि नमुना यांमधले अंतर प्रत्येकीच्या नोंदीत असावे.

किती नमुने लागतात

संपूर्ण जीनोम चाळताना आपण एका अर्थी दहा लाख स्वतंत्र प्रश्न विचारत असतो. नेहमीची ०.०५ ची मर्यादा लावली तर काहीही खरे नसताना ५०,००० ठिकाणी खोटे होकार मिळतील. म्हणूनच या क्षेत्रात ५ × १०⁻⁸ ही कडक मर्यादा मानली जाते, आणि ती पार करायला मोठी संख्या लागते. ढोबळ हिशेब असा: ३० टक्के वारंवारतेचे एखादे अक्षर धोका १० टक्क्यांनी कमी करीत असेल, तर ते ८० टक्के खात्रीने पकडण्यासाठी सुमारे १७,००० रुग्ण आणि तितक्याच निरोगी स्त्रिया लागतात. तेच अक्षर १० टक्के वारंवारतेचे, पण धोका ४० टक्क्यांनी कमी करणारे असेल, तर दोन्ही बाजूंना दोन हजारांच्या आसपास पुरतात. एवढी संख्या एकट्या विद्यार्थ्याच्या किंवा एकट्या रुग्णालयाच्या आवाक्यातली नसते.

म्हणून सुरुवात स्वतःच्या नमुन्यांनी न करता इतरांनी खुल्या केलेल्या माहितीने करावी. स्तनाच्या कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ मध्ये युरोपीय वंशाच्या १,२२,९७७ रुग्ण व १,०५,९७४ निरोगी स्त्रियांच्या, तसेच पूर्व आशियाई वंशाच्या १४,०६८ रुग्ण व १३,१०४ निरोगी स्त्रियांच्या अभ्यासातून ६५ नव्या जागा दाखवल्या. या अभ्यासाचे एकत्रित आकडे कोणालाही उतरवून घेता येतात. ते संगणकावर घ्यावेत, आपल्याला हव्या त्या पट्ट्यातली ओळ शोधावी, आणि कोणते अक्षर ‘परिणामाचे अक्षर’ म्हणून धरले आहे हे दोनदा तपासावे. दिशा उलटी वाचल्यामुळे धोक्याचा भेद संरक्षक म्हणून मिरवला जाण्याची चूक फार सहज होते. त्यानंतर नोमॅड या माहितीकोशात दक्षिण आशियाई लोकांत, आणि इंडिजेन प्रकल्पाच्या १,०२९ भारतीय जीनोममध्ये त्या अक्षराची वारंवारता पाहावी. जे अक्षर आपल्याकडे हजारात एखाद्यातच आहे, त्यावर आपल्या नमुन्यांत वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. २०१४ मध्ये लॉरा फेहरमन आणि सहकाऱ्यांनी लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा ६ व्या गुणसूत्राच्या ६क्यू२५ या पट्ट्यात, इस्ट्रोजेन ग्राहकाच्या ईएसआर-१ जनुकाच्या अलीकडे, आरएस१४००६८१३२ हा भेद सापडला. त्यातले कमी आढळणारे अक्षर धोका जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी करते. इस्ट्रोजेन ग्राहक नसलेल्या, म्हणजे उपचाराला अधिक अवघड असलेल्या गाठींत तर ऑड्स रेशो ०.३४ इतका खाली येतो. ते अक्षर असलेल्या स्त्रियांचे स्तन मॅमोग्राफीत कमी घन दिसतात, हा धागाही त्याच अभ्यासातला. हे अक्षर अमेरिका खंडातील मूळनिवासींकडून आलेले आहे. युरोपीय वंशाच्या लाखो स्त्रिया तपासल्या असत्या तरी ते हाती लागले नसते, कारण पाहायचे ते तेथे नव्हतेच. आपल्याकडे शेकडो जातीजमातींत पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच लग्ने होत आली आहेत, त्यामुळे इतरत्र दुर्मीळ असलेले अक्षर एखाद्या समाजात बरेच आढळू शकते. भारतीय स्त्रियांचे नमुने गोळा करण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

वंश, प्रदेश आणि फसवे फरक

मात्र हीच जातीजमातींची रचना आपली सर्वांत मोठी अडचणही आहे. मुंबईच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत देशभरातून रुग्ण येतात. त्यांच्याशी तुलना करायला आसपासचे स्थानिक रक्तदाते किंवा महाविद्यालयीन कर्मचारी घेतले, तर हजारो जागी फरक दिसेल आणि तो सगळा उत्तर प्रदेश, बंगाल आणि कोकण यांच्यातला फरक असेल. यावर उपाय म्हणजे रुग्णेच्याच गावातली, शक्यतो त्याच समाजातली, साधारण त्याच वयाची निरोगी स्त्री तुलनेला घेणे. ज्या रुग्णेला सोबत करायला नणंद किंवा जाऊ आली आहे, तिला विचारावे; त्या रक्ताच्या नात्यातल्या नसतात आणि बहुधा त्याच समाजातल्या असतात. बहिणीची तुलना करायची असेल तर ती वेगळ्या पद्धतीने, कुटुंबांतर्गत अभ्यास म्हणून करावी. त्याखेरीज विश्लेषणात प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनॅलिसिसने (जनुकीय साम्यानुसार स्त्रियांची मांडणी करणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) वंशाचा परिणाम वजा करावा. प्लिंक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

कमी आजार असलेला प्रदेश दिसला की तेथील लोकांत संरक्षक जनुक असेल, हा तर्क घाईचा असतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते आणि मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची आहे. बार्शीच्या खेड्यांतले स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी आहे. पण बार्शीची मुलगी मुंबईत नांदायला आली म्हणून तिची जनुके बदलत नाहीत. बदलते ते लग्नाचे वय, मुलांची संख्या, आहार आणि श्रम. जपानहून हवाईला स्थलांतर केलेल्या कुटुंबांत पुढच्या पिढ्यांमध्ये या आजाराचे प्रमाण वाढत गेले, हे निरीक्षण जुने आणि भक्कम आहे. जनुकाचा दावा करायचा तर एकाच परिस्थितीत राहणाऱ्या स्त्रियांमध्ये फरक दाखवता आला पाहिजे.

जागेपासून जनुकापर्यंत

जीनोम चाळून हाती येतो तो पत्ता, जनुक नव्हे. एकमेकांच्या शेजारची अक्षरे एकत्रच वारशाने येत असल्यामुळे एका संकेतामागे दहा-वीस उमेदवार उभे असतात, आणि त्यांतले बहुतेक प्रथिन घडवणाऱ्या भागाच्या बाहेर असतात.

कॅस्पेज-८ चे उदाहरण या बाबतीत नीट समजून घेण्यासारखे आहे. बिघडलेल्या पेशीला स्वतःला संपवायला लावणाऱ्या यंत्रणेतले हे प्रथिन. त्याच्या ३०२ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी हिस्टिडीन आणणारा भेद संरक्षक असल्याचे २००७ मध्ये १६,४२३ रुग्ण आणि १७,१०९ निरोगी स्त्रियांच्या अभ्यासात दिसले: एक प्रत असेल तर ऑड्स रेशो ०.८९, दोन असतील तर ०.७४. गोष्ट सुरेख जुळत होती. यंत्रणा ठाऊक होती, प्रथिनातला बदल ठाऊक होता. तरीही पुढे त्या पट्ट्याची अधिक बारकाईने छाननी झाली तेव्हा संकेत शेजारच्या इतर भेदांकडे वळला. १९पी१३ च्या बाबतीतही असेच घडले. त्या पट्ट्यात बीआरसीए-१ प्रथिनाच्या सोबत काम करणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक असल्यामुळे सर्वांना तेच उत्तर वाटले होते, आणि २०१६ च्या सखोल अभ्यासाने मात्र एबीएचडी-८ आणि अँकल-१ या शेजारच्या जनुकांकडे लक्ष वेधले. जुळणारी गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर आहे, आणि ते अंतर प्रयोगशाळेतच कापावे लागते.

त्यासाठी प्रथम जीटेक्ससारख्या माहितीकोशात पाहावे की त्या अक्षरानुसार स्तनाच्या ऊतीत कोणत्या जनुकाचे प्रमाण बदलते. मग तो डीएनएचा तुकडा ल्युसिफरेज चाचणीत, म्हणजे जनुकाची क्रिया प्रकाशाच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, घालून तो जनुकाची क्रिया वाढवतो की घटवतो ते मोजावे, आणि शेवटी एमसीएफ-१०ए सारख्या कर्करोगग्रस्त नसलेल्या स्तनपेशींत क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने नेमके तेवढेच एक अक्षर बदलून दोन्ही पेशींची तुलना करावी. येथे कर्करोगाच्या पेशी वापरू नयेत असे माझे मत आहे. संरक्षण हे आजार होण्यापूर्वी घडते, आणि ज्या पेशी आधीच बिघडल्या आहेत त्यांत ते दिसेल याची खात्री नसते.

उंदरांनी दाखवलेली वाट

माणसांत प्रयोग करता येत नाहीत, तेथे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांनी या शोधाला फार मदत केली आहे. विस्टार-फर्थ जातीच्या माद्यांना साधारण ५० दिवसांच्या वयात डीएमबीए हे रसायन एकदाच तोंडावाटे दिले की पंधराएक आठवड्यांत त्यांच्या स्तनग्रंथींत अनेक गाठी होतात. कोपनहेगन आणि विस्टार-क्योटो या जातींना तोच डोस दिला तरी जवळजवळ काहीच होत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल गूल्ड यांच्या गटाने या फरकामागची जनुके शोधण्यात अनेक वर्षे घालवली.

पद्धत सांगायला सोपी आणि करायला चिकाटीची आहे. प्रतिकारक आणि दुर्बल जातींचा संकर करावा, संततीचा दुर्बल जातीशी पुन्हा संकर करावा, प्रत्येक पिलाच्या गाठी मोजाव्यात आणि गुणसूत्रांवरच्या खुणांशी त्या ताडून पाहाव्यात. दर आठवड्याला प्रत्येक मादी हातात घेऊन बोटांच्या टोकांनी काखेपासून जांघेपर्यंत स्तनग्रंथींची साखळी चाचपायची असते. सुरुवातीची गाठ मोहरीएवढी असते आणि कातडीखाली निसटते. मोजणाऱ्याला त्या मादीचा जनुकीय प्रकार ठाऊक नसावा, नाहीतर बोटांना हवे तेच लागते. पट्टा सापडला की प्रतिकारक जातीचा तेवढाच तुकडा दुर्बल जातीत राहील अशा रीतीने आठ-दहा पिढ्या संकर करीत जायचे. पिढीला तीनेक महिने धरले तरी यात दोन-अडीच वर्षे जातात. हे काम संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या परवानगीनेच आणि लागतील तेवढेच प्राणी वापरून करावे.

या वाटेने सापडलेल्या एमसीएस-५ए या जागेने संशोधकांच्या अनेक समजुती मोडल्या. तेथे प्रथिनात कोणताही बदल नाही; फरक आहे तो जनुकांचे नियमन करणाऱ्या भागात. शिवाय त्या जागेचे दोन भाग आहेत आणि ते एकाच गुणसूत्रावर शेजारी असतील तरच संरक्षण मिळते. एकेक अक्षर सुटे तपासणाऱ्या अभ्यासाला असा जोड परिणाम दिसणेच कठीण. आणखी नवल म्हणजे स्तनग्रंथींच्या प्रत्यारोपणाच्या प्रयोगांवरून दिसले की राखणारी गोष्ट ग्रंथीत नसून तिच्या भोवतालच्या शरीरात, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींमध्ये आहे. माणसातल्या समान जागेवरचे भेद २००७ मध्ये १२,००० हून अधिक स्त्रियांत तपासले गेले आणि तेथेही आजाराशी संबंध आढळला, जरी परिणाम लहान होता. यावरून घेण्याचा व्यावहारिक बोध असा की जनुकाची क्रिया फक्त स्तनाच्या ऊतीत शोधून थांबू नये. रक्तातल्या पेशींचे नमुनेही त्याच दिवशी साठवून ठेवावेत.

संरक्षणाची किंमत

एखाद्या भेदाचा परिणाम सिद्ध झाला तरी तो स्त्रीला आणखी काय करतो, हे पाहिल्याशिवाय काम पुरे होत नाही. इक्वेडोरमध्ये वाढसंप्रेरकाचा ग्राहक जन्मतः निकामी असलेल्या ९९ जणांवर २२ वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांत कर्करोगाचा एकच रुग्ण आढळला आणि तो आजारही प्राणघातक नव्हता, तर त्यांच्या नातेवाइकांत कर्करोगाचे प्रमाण १७ टक्के होते. संरक्षण एवढे मोठे, पण त्यासोबत उंची अत्यंत कमी राहते. अशा जनुकाची नक्कल करणारे औषध निरोगी मुलीला द्यावे असे कोणी म्हणणार नाही. प्रौढपणी त्याच वाटेवर थोडा अडसर घालता येईल का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. याउलट पीसीएसके-९ हे जनुक निकामी असलेल्या माणसांत कोलेस्टेरॉल व हृदयविकार कमी असतो आणि प्रकृतीला बाध येत नाही, हे २००५-०६ मध्ये दिसले आणि २०१५ मध्ये त्यावर आधारित औषधे बाजारात आली. स्तनाच्या कर्करोगात असा भेद सापडावा, ही या क्षेत्रातल्या प्रत्येकाची मनापासूनची इच्छा आहे. म्हणून उमेदवार भेद मिळाला की त्याचा हृदय, हाडे, प्रजनन आणि इतर कर्करोग यांच्याशी असलेला संबंध खुल्या माहितीकोशांत तपासावा आणि तो आपल्या प्रबंधात, अनुकूल असो वा प्रतिकूल, पूर्ण छापावा. संबंध आढळला नाही असे निष्कर्षही प्रसिद्ध करावेत. ते दडवले की पुढचा विद्यार्थी त्याच जागी पुन्हा दोन वर्षे घालवतो.

संमतीविषयी थोडे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वाचून, संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी घेऊन मगच पहिली नळी भरावी. संमतीपत्र मराठीत, बोलीच्या जवळ असावे आणि वाचून दाखवावे. त्यात दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात: तपासणीत धोक्याचा दोष आढळला तर तो कळवायचा की नाही हे ती स्त्री स्वतः ठरवेल, आणि कळवायचा असल्यास तो जनुकीय समुपदेशकासमोरच कळवला जाईल. तिच्या दोषाचा निकाल हा तिच्या मुलींचा आणि भाच्यांचाही निकाल असतो. सासरी तो कोणाला सांगायचा, याचा निर्णय तिच्यावर सोडावा.

निरोगी गटातल्या प्रत्येकीचा फोन क्रमांक, जवळच्या एका नातेवाइकाचा क्रमांक आणि फोन करण्याचा महिना वहीत लिहून ठेवावा. अठ्ठावन्नाव्या वर्षी ‘काही नाही’ असे सांगणारी स्त्री एकोणसाठाव्या वर्षी काय सांगेल हे विचारल्यावरच कळते, म्हणून तिच्या नावापुढे ‘निरोगी’ असे न लिहिता शेवटच्या फोनची तारीख लिहावी, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा फोन करावा.